सूर्याचें वळण : एका नॉर्वेजियन शब्दाची कुळकथा

नॉर्वेच्या भाषेंत सूर्यासंबंधीं जे शब्द रूढ आहेत त्यांत ‘सूलव्हेर्व’ हा सामासिक शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. जूनच्या व डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य आपल्या उत्तर वा दक्षिण मर्यादेस पोंचून परत फिरतो. त्या दोन्ही वेळांस तिकडे हेंच नांव असून भेदासाठीं त्याआधीं ‘उन्हाळा’ किंवा ‘हिवाळा’ या अर्थाचें पद जोडतात.

यांतील ‘सूल’ म्हणजे सूर्य. तें आपणांस परकें वाटावयाचें कारण नाहीं. लॅटिन ‘सोल’, ग्रीक ‘हेलिओस’ आणि वेदांतील ‘स्वर्’ हे त्याचे भाऊबंद असून आपला ‘सूर्य’ त्याच कुळांतला. खरा प्रश्न उत्तरपदाचा आहे. डॅनिशमध्यें हाच शब्द आजही ‘सोलह्वेर्व’ असा लिहितात. नॉर्वेजियन लेखनांतून तो ‘ह’ गळाला. त्या ‘ह’च्या मागानें गेलें म्हणजे जुन्या नॉर्स भाषेंतील ‘ह्वेर्फा’ हा धातु हातीं लागतो. त्याचे अर्थ दोन : वळणें आणि नाहींसें होणें.

येथें कल्पनेस मोह पडतो. उत्तर नॉर्वेंतील ट्रॉम्सो शहरीं नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. मग ‘सूलव्हेर्व’ म्हणजे सूर्यलोप, असें कोणी म्हटल्यास तें पटावयास किती वेळ लागणार? पण शब्दाची कुळी कल्पनेनें ठरत नसते. जूनमधील दिवसालाही तेंच नांव आहे, आणि तेव्हां ट्रॉम्सोचा सूर्य मध्यरात्रींसुद्धां मावळत नाहीं! अर्थात् या समासांत अर्थ वळण्याचाच. धातूचा मूळ अर्थही तोच. वळून गेलेला पुढें दृष्टिआड होतो, म्हणून लोपाचा अर्थ त्यांतून मागाहून निघाला.

या एकाच घटनेकडे निरनिराळ्या लोकांनीं कसें पाहिलें, हें ताडून पाहण्यासारखें आहे. त्या दिवसांत सूर्योदयाची जागा जवळजवळ हालत नाहीं. रोमन लोकांचा ‘सोल्स्टिटिअम’ म्हणजे सूर्याचें थांबणें. ग्रीकांनीं ‘त्रोपे’, म्हणजे वळण, म्हटलें. आमच्या पूर्वजांनीं त्यापुढील सहा महिन्यांच्या वाटचालीस नांव दिलें : उत्तरायण, दक्षिणायन. कोणी थांबणें पाहिलें, कोणी वळणें, कोणी चालणें. आणि सर्वांनीं खरेंच पाहिलें.

नॉर्स लोकांपाशीं तर लोपाचा अर्थ त्याच धातूंत तयार होता, आणि देशाच्या उत्तर भागांत सूर्य आठवडेच्या आठवडे लोपतही होता. तरी त्यांनीं वर्षांतल्या सर्वांत काळोख्या दिवसालाही वळण्याचेंच नांव दिलें. डोळ्यांपुढें अंधार असतां सूर्य कोणत्या दिशेस निघाला आहे, याचें भान त्या नांवांत आहे.