मिलान–सान रेमो: डोंगर, समुद्र आणि सोसणं

मित्रहो, गेल्या खेपेला एक प्रश्न आला होता, की शर्यतींना इतिहास असतो का; असतात त्या विजेत्यांच्या याद्या. आम्हांला तसं वाटत नाही. आज एकच शर्यत घेऊ, इटलीतली मिलान ते सान रेमो. यादी आपोआप बाजूला पडेल.

आधी जमीन बघा. लिगुरियाच्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात. मध्ये सपाटी अशी फारशी नाहीच. रस्ता काढायचा तर प्रत्येक भूशिरावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. रोमन लोकांनीही इथून रस्ता नेला, आणि आजचा आउरेलिया महामार्ग साधारण त्याच वाटेनं जातो. मिलानहून येणाऱ्याला तुर्कीनोची खिंड ओलांडावी लागते. ती ५३२ मीटरच उंच. पण मागे लोम्बार्दीचं थंड मैदान आणि पुढे एकदम भूमध्य समुद्र! मार्चमध्ये ही खिंड ओलांडणं म्हणजे हिवाळ्यातून वसंतात उतरणं. शर्यतीला वसंताचं नाव पडलं ते त्यामुळे.

१९०७ साली ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वृत्तपत्रानं ही शर्यत सुरू केली. आदल्या वर्षी याच वाटेवर मोटारींची शर्यत भरवली होती, ती फसली. मोटारी जिथे थकल्या तिथे माणसं धाडावीत, ही कल्पना धाडसाची खरी, पण त्यामागे अंकाचा खप होता हेही विसरू नये. ३३ जण निघाले, १४ पोचले. पेती-ब्रेतों हा फ्रेंच स्वार अकरा तासांहून अधिक वेळ सायकलवर होता. रस्ता मातीचा, आणि पंक्चर ज्याचं त्यानंच काढायचं.

मग आलं १९१०. तुर्कीनोवर बर्फ पडला, पायाखालचा रस्ता दिसेना. यूजेन क्रिस्तोफ नावाचा फ्रेंच स्वार थंडीनं इतका आखडला, की पुढे जाणं अशक्य झालं. एका माणसानं त्याला जवळच्या खाणावळीत नेलं. तिथे त्यानं ओले कपडे उतरवले, शेकोटीपाशी बसला, मागून घेतलेली पँट चढवली आणि पुन्हा निघाला. बारा तासांहून अधिक वेळानंतर तो सान रेमोत पहिला पोचला. अधिकृत निकालात चारच नावं आहेत. क्रिस्तोफला त्यानंतर कित्येक आठवडे इस्पितळात काढावे लागले.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून इथे जरा रेंगाळतो. ही गोष्ट सांगणारे सहसा म्हणतात, बघा काय सहनशक्ती! पण नीट पाहा. तो जिंकला कारण तो थांबला. वेदान्तात शमादि षट्कात तितिक्षा सांगितली आहे. शीत-उष्ण सोसायचं, प्रतिकाराच्या मागे न लागता. क्रिस्तोफनं अगदी उलट केलं. प्रतिकार केला, ऊब घेतली, मग सोसलं. आम्हांला वाटतं, शर्यतीतलं सोसणं हे साधकाचं सोसणं नव्हेच. त्यात हिशेब असतो. आणि त्या हिशेबात वृत्तपत्राचा खप एका बाजूला नि माणसाची बोटं दुसऱ्या बाजूला असतील, तर बोटांच्या बाजूनं कुणीतरी बोललं पाहिजे. १९१०मध्ये ते काम एका खाणावळवाल्याला करावं लागलं.

२०१३मध्ये पुन्हा बर्फ आला. या वेळी संयोजकांनी स्वारांना ओवादात बसमध्ये बसवलं आणि किनाऱ्यावर कोगोलेतोला उतरवलं. ‘जुनी मर्दुमकी गेली’ म्हणून हळहळणारे पुष्कळ निघाले. आम्ही त्यांच्यात नाही.

मध्ये १९४६ आहे. युद्धानं पोळलेली इटली; याच देशात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे मराठा पलटणीतले जवान व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, घाडगे तर मरणोत्तर. फाउस्तो कोप्पी ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला होता. परत आला आणि त्या मार्चमध्ये तुर्कीनोपासून एकटाच पुढे सुटला. जवळजवळ दीडशे किलोमीटर एकटा. दुसरा आला तो चौदा मिनिटांनी. कैदेतून सुटलेला माणूस पुढे निघून जातोय, हे दृश्य इटालियनांना का भावलं ते वेगळं सांगायला नको.

पण रस्ते डांबरी झाले, सायकली हलक्या झाल्या, आणि तुर्कीनोचा धाक संपला. घोळका एकत्रच सान रेमोत यायचा. त्यातून १९५३ नंतर इटालियन विजेता थेट १९७०मध्ये, दांचेल्ली. मग संयोजक तोरियानी यांनी १९६०मध्ये शेवटाजवळ पोज्जोचा चढ घातला, १९८२मध्ये त्याआधी चिप्रेसा आली. गंमत बघा, पोज्जो चार किलोमीटरसुद्धा नाही, चढही सरासरी चार टक्क्यांच्या आत. सकाळी ताज्या पायांनी कोणीही चढेल. पण २८० किलोमीटरनंतर तोच चढ माणसं निवडतो. म्हणजे अवघडपणा चढात नाही, आधीच्या सहा-सात तासांत आहे.

चढाखाली किनाऱ्यालगत जुना एकेरी लोहमार्ग होता. २००१मध्ये रेल्वे आत बोगद्यांत गेली आणि रिकाम्या मार्गावर सान लोरेन्झो ते ओस्पेदालेत्ती असा सुमारे २४ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला. आज तिथे पळणारे पळतात, आजीआजोबा नातवंडांना घेऊन सायकल चालवतात. सगळं सपाट! २०१५च्या इटली परिक्रमेची पहिली शर्यतही याच वाटेवर झाली.

आणि बायका? त्यांची शर्यत १९९९मध्ये सुरू झाली, २००५ नंतर बंद पडली. परत आली ती २०२५मध्ये, जेनोआहून १५६ किलोमीटरची. त्यांच्या वाट्याला तुर्कीनो नाही, पण चिप्रेसा आणि पोज्जो दोन्ही आहेत. अंतर निम्म्याच्या जवळ का ठेवलं, याचं पटणारं उत्तर आम्ही अजून ऐकलेलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.