अवयव सापडेपर्यंतची २७ वर्षे

दोनच्या घातातून १ वजा केला की कधी कधी मूळ संख्या मिळते: ३, ७, ३१, १२७. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो. पण तेवढे पुरत नाही. २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. पॅरिसचे धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ साली, २५७ पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात, याची यादी प्रसिद्ध केली. सिद्धता दिली नाही. यादीत ६७ होता.

२ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या २१ अंकी आहे:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८७६ साली दाखविले की ही संख्या मूळ नाही. गंमत अशी की तिचा एकही अवयव त्यांना सापडलेला नव्हता! हे कसे शक्य आहे? एक सोपे उदाहरण घेऊ. न ही मूळ संख्या असेल, तर २ च्या न व्या घातातून २ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला न ने निःशेष भाग जातो, हा फर्मा यांचा नियम. आता न = १५ घ्या. ३२,७६८ उणे २ म्हणजे ३२,७६६. १५ ने भागल्यास बाकी ६. म्हणजे १५ मूळ नाही, आणि हे ठरविताना आपण ३ व ५ यांचे नावही घेतले नाही. ल्युका यांची कसोटी वेगळी होती, पण विचार याच जातीचा.

अवयव मिळायला १९०३ साल उजाडले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

कोल यांनी फळ्यावर एक शब्दही न बोलता हा गुणाकार केला आणि या शोधाला 'तीन वर्षांचे रविवार' लागल्याचे पुढे सांगितले, अशी हकीकत ई. टी. बेल यांनी लिहून ठेवली आहे.

वर्गात नवाचा ताळा पाहता येईल. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ व ६४, म्हणजे शेवटी १ व १. गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९, म्हणजे पुन्हा १. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच असतो असे नाही. न जुळता तर मात्र तो नक्की चुकला असता. शिवाय या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने भागा: बरोबर १४,४५,५८० येतात.

मेर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ चुकीने आले होते. ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. ती पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडले.

'मूळ आहे का?' आणि 'अवयव कोणते?' हे प्रश्न एकसारखे वाटले तरी एक नव्हेत. पहिल्याचे उत्तर नेहमीच वेगाने काढता येते, हे आय.आय.टी. कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ साली सिद्ध केले. दुसऱ्यासाठी संगणकावर चालणारी तशी वेगवान रीत अजून कोणाला सापडलेली नाही, आणि आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच अडचणीच्या आधारावर उभी आहे.