शाळेला जाईना, तर आधी विचारा

आमच्या गटातल्या एकीची तिसरीतली लेक रोज सकाळी पोट दुखतं म्हणायची. औषध झालं, दृष्ट काढून झाली, दोन धपाटेही घालून झाले. शेवटी भाकरी थापता थापता आजीने मायेने विचारलं, तेव्हा कळलं. वर्गात वाचताना ती अडखळायची आणि पोरं हसायची. दुखणं पोटात नव्हतंच.

मुलाच्या मनातलं ऐकून घ्यायचं आणि त्याला वाट काढायला मदत करायची, यालाच समुपदेशन म्हणतात. शब्द नवा आहे, काम जुनं आहे.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुलं बालवाडीत येत नव्हती. 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' असं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच मुलांना गोळा केलं. आपली अंगणवाडी तिथूनच आली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाला दोष देण्याआधी त्याची अडचण शोधायची, ही त्या दोघींची रीत.

कायदा बराच मागाहून आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारायला बंदी केली, तशी त्यांच्या मानसिक छळालाही केली. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या.

आमच्या गावच्या शाळेत समुपदेशक नाही. म्हणून समितीच्या बैठकीत आम्ही दर वेळी एकच विचारतो, 'कोणतं मूल येत नाही, आणि का?' पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळे गप्प बसले. आता बाई स्वतःहून सांगतात. ती तिसरीतली पोर हल्ली मधल्या सुट्टीत बाईंजवळ बसून वाचते. अजून अडखळते, पण शाळा चुकवत नाही.

मारहाण, अत्याचार असं काही कानावर आलं, तर मात्र गप्प बसू नका. १०९८ ला फोन लावा, पैसे पडत नाहीत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही मदत आता खेड्यापाड्यांतूनही मिळते.

तुमच्या समितीत कोण बायका आहेत? पुढच्या बैठकीआधी त्यांना गाठा.