मजल आणि जामीन

महाबळेश्वराच्या पठारावरून कोयनेच्या काठाकाठाने दक्षिणेस उतरत गेलेली सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिच्यापासून फुटून माण, खटाव, खानापूर व तासगावच्या कोरड्या माळांपर्यंत पोहोचलेल्या शंभू महादेवाच्या डोंगराच्या सोंडा, यांच्या दरम्यान जो मुलूख पसरला आहे, त्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता. त्या वर्षी दक्षिण सातारा या नावाने वेगळ्या झालेल्या भागाला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. या मुलखाचा लष्करी इतिहास आपण गडांच्या, तलवारींच्या आणि लढायांच्या अनुरोधाने वाचत आलो आहोत. परंतु ज्या पायांनी ती माणसे लढाईच्या जागी वेळेवर पोहोचली, त्या पायांचा इतिहास मात्र बखरकारांनी ‘मजल दरमजल’ एवढ्या दोन शब्दांत उरकला. वस्तुतः डोंगरातील दीर्घ चाल ही सैनिक पारखण्याची या प्रांतातील सर्वांत जुनी कसोटी होय, आणि आज जगभरच्या विशेष दलांच्या निवडीत जी कठोर डोंगरचाल अनिवार्य मानली जाते, तिचा विचार करताना मराठी वाचकाने प्रथम आपल्याच घाटवाटांकडे पाहावे असे मला मनापासून वाटते.

जेम्स ग्रँट डफ हा १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, आणि साताऱ्याचे दफ्तर त्याच्या हाताखालून गेले होते. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या पायदळाचे जे वर्णन त्याने केले आहे, ते सैन्यरचनेच्या अभ्यासकाने वारंवार वाचावे असे आहे. घाटमाथ्यावरचे मावळे आणि कोकणातले हेटकरी या दोन जातींच्या हशमांपैकी हेटकरी नेमबाजीत निष्णात, तर मावळे हातघाईच्या लढाईत अग्रेसर. कडा चढण्याची कला मात्र दोघांच्याही अंगी सारखीच, आणि जेथे परमुलखातील शिपाई खाली कोसळून प्राणास मुकला असता तेथे ही माणसे सहज चढून जात, असे तो सांगतो. ढाल, तलवार आणि बंदूक ही शस्त्रे शिपायाने स्वतःची आणावीत, दारूगोळा मात्र सरकारातून मिळावा, असा शिरस्ता होता. दर दहा माणसांमागे एकाजवळ बंदुकीऐवजी तिरकमठा असे, कारण रात्रीच्या छाप्यात बारूद उडविण्याची मनाई असे आणि बाण आवाज करीत नाही. या एका तपशिलावरून त्या दलाचे खरे काम काय होते ते कळते: अंधारात, आडवाटेने, आवाज न करता चालणे, आणि चालून थकल्यावरही हात स्थिर ठेवणे.

या चालीचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक १६५९ च्या हिवाळ्यात घडले. जावळीचे खोरे १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून स्वराज्यात आले होते. त्या खोऱ्याच्या तोंडाशी प्रतापगडाच्या पायथ्याला, पार गावाजवळ, वाईहून निघालेला अफजलखानाचा सरंजाम हत्ती, उंट, तोफा आणि बाजारबुणग्यांसह रडतोंडीच्या घाटाने उतरून आला. १० नोव्हेंबर रोजी जे घडले ते सर्वश्रुत आहे. मला अधिक विस्मय वाटतो तो त्यानंतरच्या अठरा दिवसांचा. सरळ रेषेत मोजले तरी प्रतापगडापासून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेला पन्हाळा २८ नोव्हेंबरला महाराजांच्या हाती होता. त्याच्या पुढच्या महिन्यात कोल्हापूरनजीक रुस्तुमजमानाचा पराभव झाला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी मिरजेच्या भुईकोटाला वेढा पडला. एका निर्णायक विजयानंतर कोणतेही सैन्य विसावते, लूट वाटून घेते, जखमींची व्यवस्था लावते. या सैन्याने ते सर्व करता करता कृष्णा-कोयनेचा प्रदेश मागे टाकला. पुढे १६६० च्या जुलै महिन्यात, पावसाच्या ऐन झडीत, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून सुमारे सहाशे माणसांनी विशाळगडाची वाट धरली, तेव्हा साठ किलोमीटरांच्या घरातील ती चिखलाची डोंगरवाट त्यांनी जवळपास एका दमात तोडली, आणि ती तोडून झाल्यावर बाजीप्रभूंच्या सोबत्यांना घोडखिंडीत उभे राहून लढावयाचे होते. चालून गलितगात्र झालेल्या मनुष्याकडून त्याच्या जीविताचे सर्वांत अवघड काम करवून घेणे, हेच आधुनिक निवडीतील डोंगरचालीचेही मर्म आहे.

अशी माणसे निवडली कशी जात? मावळ्यांची व हेटकऱ्यांची भरती करताना महाराज प्रत्येक माणूस जातीने पाहून घेत, आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणी तरी त्याच्याबद्दल जामीन राहिल्याखेरीज त्याला घेत नसत, असे ग्रँट डफ नमूद करतो. नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी पायदळाची चढती उतरंड होती, आणि तिच्या तळाशी दहा-बारा माणसांचा तो छोटा जमाव होता, ज्यातील प्रत्येक जण एकमेकांचे गाव, घर आणि पाऊल ओळखत असे. गुरांमागे डोंगर चढणाऱ्या, पाठीवर ओझे घेऊन घाट उतरणाऱ्या त्या माणसाची चाल भरतीच्या दिवशी मोजण्याची गरजच नव्हती. ती त्याच्या जामिनाने लहानपणापासून पाहिलेली असे. मनुष्य थकल्यावर सोबत्याला सोडून जाईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे एका कसोटीच्या आठवड्यातून नव्हे, तर सबंध गावाच्या साक्षीतून मिळत होते.

याच्या उलट पद्धत विलायतेत रुजली. मलायाच्या जंगलातील अनुभवानंतर १९५२ च्या सुमारास जॉन वुडहाऊस या अधिकाऱ्याने ब्रिटिश एसएएस दलासाठी जी निवड घडविली, तिची परीक्षाभूमी वेल्समधील डोंगर ही होय. तेथील पेन-इ-फॅन हे शिखर जेमतेम ८८६ मीटरांचे, आपल्या महाबळेश्वरापेक्षा पुष्कळच ठेंगणे. परंतु पाठीवर जड पिट्टू, हातात नकाशा आणि होकायंत्र, सोबतीला कोणी नाही, आणि किती वेळात पोहोचावयाचे हेही पुष्कळदा ठाऊक नाही, अशा स्थितीत उमेदवाराला चालावे लागते. शेवटची मजल सुमारे चाळीस मैलांची असते. जुलै २०१३ मध्ये याच डोंगरांत उन्हाच्या तडाख्याने तीन उमेदवार मृत्यू पावले, यावरून ही परीक्षा किती निष्ठुर आहे ते कळते. या पद्धतीचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. एकाकी मनुष्याचा विवेक ती उघडा करते. परंतु तिच्यात उमेदवाराला जामीन कोणी नसतो, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

इंग्रजी अमदानीत सातारकर माणूस मुंबई इलाख्याच्या पलटणींत गेला. ‘काळी पाचवी’ या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहूनचा किल्ला लढविला, आणि पुढच्या वर्षी तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. जलद चालीचा तो मान मराठा रेजिमेंटच्या नावात अद्याप आहे. दुसऱ्या महायुद्धात इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत, १९४१ च्या मार्चमधील १५ तारखेच्या रात्री, मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनने पिनॅकल नावाचा उभा सुळका चढून घेतला. खाली खडकाळ दरी, वर सज्ज शत्रू आणि मध्ये अंधार, हे दृश्य सह्याद्रीच्या मुलाला सर्वस्वी परके नव्हते. हीच बटालियन पुढे छत्रीधारी झाली, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून गणली गेली, ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला आकाशातून उतरली, आणि आज विशेष दलांत मोडते.

दरम्यान जिल्ह्यात एक निराळे सैन्य चालत होते. बेचाळीसच्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने उभारलेल्या तुफान सेनेला ना बराकी होत्या ना पगार. कुंडल, वाळवा, शिराळा या भागांतील तरुण दिवसा उसाच्या फडात किंवा डोंगरकपारीत दडून रात्री चालत. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम त्यांनी काढून घेतली, ती जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांच्या नेतृत्वाखाली. भाकरी देणारी, कुत्री बांधून ठेवणारी आणि पोलिसांपुढे मौन धरणारी गावेच्या गावे या चालणाऱ्यांना जामीन राहिली, म्हणूनच नाना पाटील १९४६ पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत.

स्वतंत्र भारतात विशेष दलांचा पाया १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांच्या तुकडीने घातला, आणि त्यातून पुढच्या वर्षी नववी पॅरा कमांडो बटालियन उभी राहिली. मराठा लाइट इन्फंट्रीची १९८५ मध्ये उभारलेली एकविसावी बटालियन १९९६ मध्ये विशेष दलांत रूपांतरित झाली, आणि तिने आपले बिरुद ‘वाघनख’ हे ठेवले. या दलांत शिरू पाहणारा उमेदवार स्वेच्छेने येतो, आणि काही महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये रात्रंदिवस ओझ्यासह चालताना, झोप आणि अन्न यांचा तुटवडा सोसताना, त्याला ज्यांच्याबरोबर पुढे लढावयाचे आहे अशा त्याच बटालियनच्या जुन्या जवानांकडून पारखला जातो; त्यांनी स्वीकारल्याखेरीज तो त्यांच्यातला होत नाही. शिवकालीन जामिनाचे तत्त्व येथे वेगळ्या वेषात परत आलेले मला दिसते, आणि म्हणूनच आपल्या देशातील ही निवड मला अधिक परिपूर्ण वाटते.

साताऱ्याच्या सैनिक स्कूलची स्थापना १९६१ च्या जून महिन्यात झाली. देशातील ही पहिली सैनिक स्कूल. तिच्याच विद्यार्थ्यांपैकी एक, कर्नल संतोष महाडीक, या एकविसाव्या बटालियनचे अधिकारी होते. कुपवाड्याच्या अरण्यात १७ नोव्हेंबर २०१५ रोजी ते धारातीर्थी पडले तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते, आणि त्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने मागे राहून सूत्रे हलविली असती तरी कोणी त्यास दोष दिला नसता. ते आपल्या जवानांबरोबर डोंगरात चालत होते. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडीक चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतील खडतर शिक्षण पुरे करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून रुजू झाल्या.