पंडिता रमाबाई : दुष्काळाची स्मृति आणि कळवळ्याचा शब्द

अजिंठ्याच्या घाटाखाली, खानदेशाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर फर्दापूर हे गाव वसलेले आहे. औरंगजेबाच्या काळातील तेथील सराईने अनेक वाटसरूंना आसरा दिला. जवळच असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, शरण आलेल्या कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देऊ करणारा शिबिराजा चित्रित झालेला आहे. परदुःखासाठी स्वतः झिजण्याची कल्पना या भूमीला परकी नव्हती, याची ती भिंत साक्ष देते. एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी व्यक्तींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या चिंतनात ही कल्पना कोणत्या अनुभवातून आली व कोणत्या शब्दांत व्यक्त झाली, हे पंडिता रमाबाईंच्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत असताना या कुटुंबावर उपासमारीची वेळ आली. होते नव्हते ते द्रव्य व्रतानुष्ठानांत व दानधर्मात संपले. शास्त्र्याच्या घरी मोलमजुरीची सवय नव्हती आणि हात पसरण्याचा संकोच होता. थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. परंतु १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधवी हेही मृत्यु पावले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, तान्ह्या मनोरमेखेरीज, त्यांचे जवळचे असे कोणी उरले नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनी लंडनमधील फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी काम करीत असत. ते काम पाहून रमाबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला, की समाजाने टाकलेल्या या स्त्रियांविषयी इतकी आस्था का? उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे. त्यांच्या धर्मांतराच्या मुळाशी तात्त्विक वादापेक्षा टाकलेल्या स्त्रीविषयीची चिंता अधिक होती, असे यावरून म्हणता येते.

या चिंतेची खरी कसोटी पुढे लागली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व बालविधवा यांना घेऊन परतल्या. १९०० साली, छपन्नाच्या दुष्काळात, गुजरातेतूनही मुली आल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनातील वस्ती शेकड्यांवरून हजारांवर गेली. उपाशी मुलींकडे पाहताना आपल्या आईबापांचा अंत त्यांना आठवला, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. भूक काय असते हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते, भोगून ठाऊक होते.

तथापि, या कार्याची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. १८८९ साली मुंबईस स्थापन झालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या कारणावरून १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याला अन्नाबरोबर धर्म देण्यात त्याची निवड कितपत स्वतंत्र राहते, हा त्या वेळचा आक्षेप आजही निरर्थक ठरत नाही. मात्र तो मांडताना, त्या मुलींना इतरत्र दार उघडे होते काय, हेही विचारले पाहिजे.

आता शब्दाकडे वळू. ख्रिस्ताला लोकांची दया आली, असे सांगताना ग्रीक शुभवर्तमानांत जे क्रियापद अनेकदा येते, त्याचे मूळ ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दात आहे. हिब्रूतील ‘रहमीम’, म्हणजे करुणा, हा शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी संबद्ध आहे. मराठीतही परक्याच्या दुःखाने ‘आतडे तुटते’, ‘पोटात कालवते’. मराठी बायबलात या ठिकाणी ‘कळवळा’ हा शब्द रूढ झाला. संतवाङ्मयातून घरोघर पोचलेला हा शब्द संस्कृत ‘दये’पेक्षा शरीराच्या अधिक जवळचा आहे, पोटात कळ आल्याखेरीज कोणी कळवळत नाही. तीन भाषांनी करुणेचे स्थान पोटात मानावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या बाईने पोटाची आग सोसली होती, तिला हा अर्थ कोशात शोधावा लागला नसावा.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. अक्षरजुळणीचे काम मुक्तिसदनातील मुलींनीच केले. १९२१ साली मनोरमा गेली, तरी भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून निघाला. ज्या मुली एकेकाळी दुष्काळातून उचलून आणल्या होत्या, तशाच मुलींच्या हातांनी त्याचे खिळे जुळविले होते.