नांगराच्या कारखान्याचे मासिक

मराठी नियतकालिकांचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा 'दर्पण'पासून आरंभ करून 'प्रभाकर', 'निबंधमाला', 'केसरी' या मार्गाने 'मनोरंजना'पर्यंत येतात, आणि या सर्व पत्रांच्या मुळाशी कोणा विद्वानाची, सुधारकाची अथवा देशभक्ताची लेखणी होती हे त्यांचे म्हणणे यथार्थच आहे. परंतु पहिल्या महायुद्धानंतर ज्या एका मासिकाने मराठी सुशिक्षित कुटुंबात आपले स्थान पक्के केले, त्याचा जन्म विद्वत्सभेत झाला नाही. लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि कडबा कापण्याची यंत्रे घडविणाऱ्या एका कारखान्यात, आपला माल गिऱ्हाइकास कळावा एवढ्याच साध्या निकडीतून ते निघाले. १९२० साली किर्लोस्करवाडीस सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हेच ते मासिक होय.

ही निकड किती खरी होती हे समजण्यास कारखान्याची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडते असे आढळल्यावर त्यांनी यंत्ररेखनाची वाट धरली, काही काळ व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापन केले, आणि पुढे बेळगावास सायकलींच्या दुकानातून व्यवसायाचा पाया घातला. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर त्यांनी तयार केला खरा. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होते अशी दृढ समजूत असलेल्या शेतकऱ्याने त्या नांगराकडे पाठ फिरविली, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या या शंकेस अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून, त्याने अपरिचित अवजार आपल्या शेतात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, यात मला तरी गैर काही दिसत नाही. नांगर उत्तम घडविणे हे निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम समजूत पाडण्याचे होते, आणि ते भट्टीत होण्यासारखे नव्हते.

नगरविस्ताराच्या कामी बेळगावची जागा सोडणे प्राप्त झाले, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीकची जमीन देऊ केली. निवडुंगाने आणि सापांनी व्यापलेल्या त्या माळावर १९१० साली वसाहत उभी राहिली, आणि कालांतराने कुंडल रोड या रेल्वेस्थानकासही किर्लोस्करवाडी हेच नाव प्राप्त झाले. परंतु कारखाना एका लहानशा संस्थानच्या मुलखात आणि त्याचे गिऱ्हाईक मात्र खानदेशापासून कर्नाटकापर्यंत विखुरलेले, अशी ही विलक्षण स्थिती होती. ज्याने कारखाना कधी पाहिला नाही, मालकांचा चेहरा ज्यास ठाऊक नाही, आणि यंत्र मोडल्यास दाद कोणाकडे मागावी याची ज्यास धास्ती, अशा दूरच्या रयतेशी बोलावे कसे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शंवाकि, यांनी दिले. ते स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. ज्या वर्षी किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाची मर्यादित कंपनी म्हणून नोंदणी झाली, त्याच १९२० साली त्यांनी 'खबर' काढली. परदेशी ही प्रथा अगदीच अश्रुत नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ सालीच 'द फरो' नावाचे पत्र शेतकऱ्यांसाठी काढले होते, आणि फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर करणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्या प्रवाशांसाठी वाटाड्या पुस्तक छापले होते. दोहोंतही युक्ती एकच होती: गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे असे काही आधी त्याच्या हाती ठेवावे, मालाची गोष्ट मागाहून काढावी.

शंवाकिंनी ही युक्ती पुष्कळ पुढे नेली, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा खरा गाभा मला येथेच दिसतो. प्रारंभीची 'खबर' नावाप्रमाणे कारखान्याची खबर देणारीच होती; परंतु केवळ आपल्याच मालाची स्तुती महिनोन्‌महिने वाचण्याइतका वेळ कोणापाशी नसतो, हे त्या चतुर संपादकाने ओळखले, आणि उद्योगधंद्यांची माहिती, स्वकष्टाने वर आलेल्या माणसांची चरित्रे, आरोग्य, विज्ञान, समाजसुधारणा, कथा, विनोद यांना मासिकात उत्तरोत्तर अधिक स्थान मिळत गेले. या घडामोडीत कारखान्याचे नुकसान झाले असे कोणी म्हणेल तर ती मोठी चूक ठरेल. जे मासिक वाचकास नोकरीचा नाद सोडून धंदा कर म्हणून सांगते, शेतीत यंत्र आण म्हणून सांगते, रूढीपेक्षा बुद्धीवर विश्वास ठेव म्हणून सांगते, ते अप्रत्यक्षपणे नांगर आणि पंप यांचेच गिऱ्हाईक घडवीत असते. कारण लोखंडाने जमीन विषारी होत नाही हे ज्यास पटवावयाचे, त्यास प्रथम कार्यकारणभावाने विचार करण्याची गोडी लावावी लागते. बाजारात ज्याला पत म्हणतात ती या रीतीने, एकेका अंकाने साठत गेली.

१९२९ साली मासिकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली, आणि कारखान्याच्या माळावर एक प्रकाशनसंस्थाच नांदू लागली. 'दाजी' आणि 'गोट्या' यांचे जनक ना. धों. ताम्हनकर याच वाडीत संपादनाच्या कामात होते. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत राजकारणास ज्यांना मनाई होती, त्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे असे सांगणाऱ्या लेखनासह, 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले आणि त्यांनी घरोघर वादळे उठविली. गाईसंबंधी असे निर्भीड लेखन छापणारे हे मासिक ज्यांच्या घरचे, त्यांचे मुख्य गिऱ्हाईक बैलजोडी बाळगणारा श्रद्धाळू शेतकरी होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या धाडसाचे मोल कळते. व्यापारी मनुष्य सहसा कोणाचेही मन दुखवू पाहत नाही. येथे मात्र कारखानदाराच्या घरच्या मासिकाने अप्रिय मत छापण्याची जोखीम पत्करली. 'स्त्री'ने तर विवाह, शिक्षण, अर्थार्जन या विषयांवर स्त्रियांना बोलते केले, आणि पुढील काळात तिच्या संपादनाची धुरा विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्तीने वाहिली.

या मासिकांचे वाङ्मयीन ऋण आपण मानतो. त्यांच्या व्यापारी बाजूचा अभ्यास मात्र फारच थोडा झाला आहे, आणि त्याचे एक कारण आपल्या हातातले आहे. अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनावश्यक म्हणून काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. कोणते यंत्र कोणत्या साली, कोणत्या शब्दांत, कोणत्या चित्रासह लोकांपुढे मांडले गेले, याचा दाखला त्या पानांतच असतो. लेख पुढे ग्रंथरूपाने छापले जातात, ती पाने कोणी पुन्हा छापीत नाही. म्हणून ग्रंथालयांच्या चालकांना आणि ज्यांच्या माळ्यावर वाडवडिलांनी जपलेले जुने अंक असतील त्या सर्वांना माझी विनंती आहे की त्यांनी ते मुखपृष्ठांसह आणि जाहिरातींसह, आहेत तसेच राखावेत, आणि घरी जागा नसेल तर रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत.