नऊ धावा कमी

प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या उतरत्या क्रमानं लावल्या की वरची चार नावं अशी येतात: ब्रायन लारा नाबाद ५०१, हनीफ मोहम्मद ४९९, डॉन ब्रॅडमन नाबाद ४५२, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. पहिले तिघे जगाला ठाऊक आहेत. चौथे कोल्हापूरचे, आणि ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत.

सांगलीत आमचे आजोबा ही गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे, ‘आणि मग राजानं खेळ मोडला.’ लहानपणी मला ती परीकथाच वाटायची. पुढे इंजिनिअर झालो, दिवसभर डेटाबेसमध्ये काम करू लागलो, आणि एकदा सहज त्या सामन्याचं धावफलक उघडलं. निकालाच्या जागी लिहिलं होतं की काठेवाडनं सामना सोडून दिला. म्हणजे राजा खरा होता.

गोष्ट १९४८-४९च्या रणजी हंगामाची. आमच्या भागात तेव्हा नकाशाच बदलत होता. मार्च १९४८मध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. त्यातल्या दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. क्रिकेटची वाट मात्र तीच राहिली. साताऱ्या-सांगलीच्या पोराला रणजी खेळायची तर पुण्याला जाऊन महाराष्ट्राच्या संघात शिरायचं, नाहीतर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय शोधायचा. सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी दोन्ही केलं. १९३९-४०च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या आणि नंतर ते बडोद्याकडूनच खेळू लागले.

डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. पाहुण्यांचा डाव २३८वर आटोपला. मग निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५वर बाद झाले, निंबाळकर खेळत राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतराला महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ होत्या आणि निंबाळकर ४४३वर होते. ब्रॅडमनचा विक्रम मोडायला आणखी दहा धावा हव्या होत्या, बरोबरीला नऊ.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी बजावलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राच्या बाजूनं थोडाच वेळ मागितला गेला, तोही त्यांनी दिला नाही. संघानं सामान आवरलं आणि सामना तिथेच संपला.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला काठेवाडातली संस्थानं एकत्र करून सौराष्ट्र संघ स्थापन झाला होता. राजकोट त्यातलंच एक. गादीची सत्ता गेली होती. हातात उरलं होतं संघाचं कर्णधारपद. विक्रमाच्या नोंदीत समोरच्या संघाचं नावही कायम राहतं, आणि ते नाव आपलं नको असं कर्णधाराला वाटणं मला आता तितकंसं अनाकलनीय वाटत नाही. शिवाय ५८८ धावांची आघाडी असताना डाव चालू ठेवण्याचं कारण विक्रमाखेरीज दुसरं नव्हतंच. चूक तरीही त्यांचीच, कारण हरणाऱ्यानं शेवटपर्यंत मैदानात उभं राहायचं असतं.

त्या हंगामात हुकलेलं एवढंच नव्हतं. फेब्रुवारी १९४९मध्ये मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या, पण ८ बाद ३५५ असताना वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या. मार्चमध्ये पुण्यात महाराष्ट्र उपांत्य सामन्यात मुंबईशी भिडला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा कधी झालेल्या नाहीत. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेग्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. मुंबईकडून दत्तू फडकरांनीही तेच केलं. जन्मानं तेही कोल्हापूरचे. चौथ्या डावात ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. मुंबईनं पुढे बडोद्याला हरवून करंडक नेला.

एका हंगामात दोन विक्रमी सामने खेळलेल्या महाराष्ट्राच्या कपाटात त्या वर्षी काहीच आलं नाही.

आजोबांच्या गोष्टीत दोष सगळा राजाच्या माथी होता. मला आता वाटतं, ठाकोरसाहेबांनी निंबाळकरांच्या नऊ-दहा धावा अडवल्या, याहून जास्त काही नाही. हनीफनं १९५९ साली ब्रॅडमनला मागे टाकलंच, तेव्हा तो विक्रम फार तर दहा वर्षं टिकला असता. खरी कमतरता निवड समितीच्या कागदावर होती. त्याच हंगामात भारत पाच कसोटी सामने खेळला आणि ४४३ करणाऱ्याला त्यातला एकही मिळाला नाही. पुढेही मिळाला नाही. निंबाळकर होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून वर्षानुवर्षं धावा करत राहिले. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले.

भारतीयानं प्रथम श्रेणीत केलेली सर्वाधिक धावसंख्या आजही त्यांचीच आहे. ‘राजानं खेळ मोडला’ हे सांगायला सोपं, कारण त्यात दोष द्यायला एक माणूस सापडतो. ज्यांनी निंबाळकरांना बोलावलंच नाही, त्यांची गोष्ट मात्र आमच्या घरी कधी कुणी सांगितली नाही.